मांजर घरात ठेवावं की बाहेर सोडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजराचं पिल्लू घरी आणलं की पाच-सहा महिन्यांत एक दिवस ते दाराशी जाऊन बसतं आणि ओरडायला लागतं. दार उघडायचं की नाही, हे त्या दिवशी ठरवावं लागतं. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. आजोळ रत्नागिरीजवळच्या खेड्यातलं. तिकडे मोकळी मांजरं पाहिली. इथे आधी मोकळी ठेवली आणि मग घरातच ठेवायला लागले. आमच्या भागातल्या भटक्या मांजरांना पकडून त्यांची नसबंदी करून आणायचं काम आम्ही चौघी-पाचजणी करतो. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

थोडक्यात सांगा, घरात की बाहेर?

शहरात, फ्लॅटमध्ये राहत असाल तर घरात. गावाकडे अंगण-परसू असलेलं घर असेल आणि वाहता रस्ता लांब असेल, तर दिवसा बाहेर चालेल. पण तीन अटी: नसबंदी झालेली हवी, लसी वेळेवर हव्यात, आणि दिवेलागणीला मांजर घरात हवं.

बंगला, चाळ, तळमजल्याचा फ्लॅट, गावठाणातलं घर अशा मधल्या जागांचा विचार पुढे केला आहे. पण एक गोष्ट आधीच सांगते. मी पाहिलेल्या बहुतेक मोकळ्या मांजरांच्या बाबतीत कोणी काही ठरवलेलंच नव्हतं. दार उघडं राहिलं, मांजर गेलं, परत आलं, आणि तीच पद्धत पडली. तसं होऊ देऊ नका. बसून, घरच्यांशी बोलून ठरवा.

मांजर ही स्वतंत्र जात. त्याला कोंडून ठेवणं हा छळ नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो मांजरावर खरं प्रेम असलेल्यांकडूनच येतो. म्हणून नीट उत्तर देते.

आजोळी आज्जीची मनी होती. माळ्यावर भात, पेंढा, नारळ. उंदरांना तोटा नाही. मनी दिवसभर कुठे असायची कोणालाच माहीत नसे. पण मागच्या पडवीत आज्जी विळीवर बांगडे साफ करायला बसली, की पहिलं डोकं कापलं जायच्या आत मनी तिच्या पायाला घासून उभी. आमच्या मनातलं मांजराचं स्वातंत्र्य म्हणजे हे चित्र, आणि ते खोटं नाही.

पण त्याच घरात मनी वर्षातून दोनदा व्यायची. चार-चार पिल्लं. आम्ही मुलं मे महिन्यात गेलो की गणपतीत पाहिलेली पिल्लं कुठे गेली म्हणून विचारायचो, आणि उत्तर ठरलेलं असायचं: "बोक्याने नेली," "कुत्र्याने धरलं," नाहीतर "गेली कुठेतरी." आम्हाला आठवते ती मनी, कारण ती जगली. न जगलेल्यांची नावंसुद्धा ठेवलेली नव्हती. मोकळं मांजर सुखी असतं असं आपण म्हणतो, तेव्हा उरलेल्या एका मांजराकडे बघून म्हणत असतो.

आता दुसरी बाजू. मांजराला काय लागतं? दबा धरून झडप घालायला काहीतरी, चढून बसायला उंच जागा, दडायला एखादा कोपरा, नख्या ओरबाडायला खरखरीत काहीतरी, आणि रोज त्याच वेळी होणाऱ्या त्याच त्या गोष्टी. हे घरात मिळालं तर घर म्हणजे तुरुंग नव्हे. फिरणाऱ्या मांजरांचंसुद्धा राज्य आपल्याला वाटतं तेवढं मोठं नसतं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांतल्या ९०० हून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून पाहिलं, तर बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच घुटमळत होती.

मात्र रिकाम्या खोलीत दिवसाचे दहा तास एकटं, ना खेळ, ना खिडकी, अशा मांजराला बघून कोणी छळ म्हणालं तर मी त्याच्या बाजूने आहे. घरात ठेवायचं तर त्याची तयारी ठेवायला हवी.

बाहेर नेमका धोका कशाचा? आमची गल्ली तर शांत आहे.

गाड्या आणि कुत्री सगळ्यांना दिसतात. त्यातही वर्ष-दोन वर्षांची तरुण मांजरं आणि नसबंदी न झालेले बोके जास्त सापडतात, कारण तेच लांबवर जातात. थंडीत आणि पावसाळ्यात मांजरं उबेला गाडीच्या बॉनेटखाली इंजिनावर जाऊन झोपतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावून घ्या. तुमचं मांजर नसलं तरी.

भांडणात झालेली चावण्याची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते. ती वरून बुजते आणि आत पू होतो. तीन-चार दिवसांनी मांजर तापाने फणफणतं, हात लावू देत नाही, आणि मग आपल्याला गळू दिसतं. मांजरांचे ल्युकेमिया आणि एड्ससारखे विषाणूही चावण्यातून, लाळेतून जातात.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती उंदरांच्या औषधाची, आणि त्याला कारण आहे. आमची चिंगी सोसायटीभर फिरायची. खालच्या वॉचमनकाकांकडे सकाळचा चहा, म्हणजे बिस्किटाचा चुरा, दुपारी जिन्यात झोप, संध्याकाळी घरी. २०११ च्या ऑगस्टमध्ये एक दिवस ती आली आणि पलंगाखाली जाऊन पडली. दुधाच्या पिशवीचा आवाज झाला तरी उठली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा ओठ बोटाने वर केला. हिरड्या, ज्या गुलाबी असायला हव्यात, त्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. त्यांनी मला फक्त विचारलं, "तुमच्याकडे उंदरांचं औषध ठेवलंय का कोणी?"

ठेवलेलं होतं. डक्टमध्ये, त्याच आठवड्यात. सोसायटीच्या बैठकीत उंदरांची तक्रार झाली होती आणि त्या अर्जावर माझीही सही होती. हल्ली मिळणाऱ्या वड्यांमध्ये बहुतेक ब्रोमॅडिओलोनसारखं औषध असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून कशामुळे झालं हेही लक्षात येत नाही. मांजराने वडी खायचीसुद्धा गरज नसते. ती खाल्लेला, अर्धमेला, सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो. व्हिटॅमिन के हा त्यावर उतारा आहे, पण वेळेत द्यावा लागतो. चिंगीला उशीर झाला होता. कोणीही दुष्टपणा केला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरातलं मांजर आम्ही बाहेर सोडलेलं नाही.

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावरच पडतं ना? मग गॅलरीची काळजी कशाला?

हवेत अंग वळवून पायावर उतरण्याची शक्ती त्यात असते, हे खरं. पण पायावर उतरलं म्हणजे वाचलं असं नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडलेली, आणि उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा लोक मला उत्साहाने सांगतात. पण जी खाली पडून जागीच गेली ती दवाखान्यात आलीच नाहीत, म्हणून ती त्या हिशेबात नाहीत. वाचलेल्यांचंसुद्धा छातीला मार, जबडा फाटलेला, पुढचे पाय मोडलेले, असंच असतं.

मांजर पडतं ते बहुतेक कबुतरामागे झेप घेताना किंवा झोपेत कूस बदलताना. म्हणून "आमचं शहाणं आहे, कठड्यावर शांत बसतं" याला अर्थ नाही.

कबुतरांसाठी लावतात ती बारीक नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. जाड दोऱ्याची जाळी घ्या, किंवा सरळ स्टीलची. लावणाऱ्या दादांना सांगा की खालची कडसुद्धा हुकांनी पक्की करायची. ते बहुधा वरच्या आणि बाजूच्या कडा ताणतात आणि खाली सैल सोडतात. मांजर खालूनच जातं. चिकटपट्टीवर लावलेली डासांची जाळी मांजराच्या वजनाला टिकत नाही. ग्रिल असेल तर पिल्लाचं डोकं गजांमधून जातं का बघा. डोकं गेलं की अंग गेलंच. महिन्यातून एकदा सगळ्या कडांवरून हात फिरवून बघा.

आम्ही गावाकडे राहतो. तिथे मांजर घरात ठेवलेलं कोणी ऐकलंय का?

नाही, आणि मी तसा आग्रहही धरत नाही. कौलारू घराला दारं चार, खिडक्या आठ, आणि छपरातून मांजरालाच माहीत असलेल्या दोन वाटा. मांजर तिथे कामालाही असतं. पण रात्र निराळी. जुन्नरपासून कोकणापर्यंत, आणि मुंबईत बोरिवली-ठाण्याच्या जंगलाच्या कडेलासुद्धा, बिबट्या वस्तीजवळ येतो तो कुत्री-मांजरांसाठी. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या रात्री एकत्र फिरतात. पावसाळ्यात घोणस, फुरसं, नाग बाहेर असतात, आणि मांजर सापाला पंजा मारल्याशिवाय राहत नाही. दर वेळी तेच जिंकतं असं नाही.

रात्री मांजर आत येण्याचा उपाय सोपा आहे: पोटभर जेवण फक्त संध्याकाळी, रोज त्याच वेळी, आणि त्याच आवाजावर. ताटलीवर चमचा वाजवा किंवा नावाने हाक मारा. पंधरा दिवसांत मांजर तुमच्या आधी हजर असतं. मग दार लावायचं. आत राखेचा किंवा वाळूचा एक जुना घमेला ठेवला की प्रश्न मिटला.

तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. मागच्या चौकाला किंवा पडवीला वरूनसुद्धा जाळी घालून बंदिस्त अंगण करा. ऊन, माती, वारा सगळं मिळतं. परवडत असेल तर याहून चांगलं काही नाही.

पक्ष्यांचं काय? एक मांजर असं किती पक्षी मारणार?

एक मांजर फार नाही मारत. मांजरं एक नसतात, ही अडचण आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार मोकळी फिरणारी मांजरं तिथे वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर उडता न येणारा एक चिमुकला पक्षी होता. १८९४ च्या सुमारास बेटावर दीपगृह आलं, माणसांबरोबर मांजरं आली, आणि काही वर्षांतच तो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावाने २०२२ मध्ये हुकूमच काढला: एप्रिल ते ऑगस्ट मांजरं घरात ठेवा, कारण जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलांच्या मोजक्या जोड्या तिथे उरल्या होत्या.

आपल्या अंगणात बुलबुल माणसाच्या कमरेएवढ्या झुडपात घरटं करतो, शिंपी त्याहून खाली, टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते. उडायला शिकणारं बुलबुलाचं पिल्लू दोन-तीन दिवस जमिनीवरच धडपडत असतं. ते दिवस मांजर घरात ठेवलं तरी एक विण वाचते.

एवढं करणंही जमत नसेल तर इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे २०२१ चे प्रयोग उपयोगी आहेत. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र काही उपयोग दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा जुना प्रश्न आहे, पण बांधूनही भागत नाही.

नसबंदी केलीच पाहिजे का? निदान एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असं म्हणतात.

केलीच पाहिजे, आणि "एकदा तरी" याला वैद्यकीय आधार नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. मग पिल्लं पोत्यात घालून मंडईत नाहीतर मासळी बाजारात सोडणं, हे आपल्याकडे अजून होतं. चांगल्या घरातली माणसं करतात. तिथे ती जगत नाहीत. असं उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

बोक्याची नसबंदी झाली की त्याचं लांब भटकणं, भांडणं आणि भिंतीवर उग्र वासाची धार मारणं खूप कमी होतं. घरात ठेवणं त्यामुळेच शक्य होतं. नसबंदी न केलेला बोका घरात कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करू नका. तो आणि तुम्ही दोघेही हैराण व्हाल.

रस्त्यावरच्या एखाद्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर ती इजा नव्हे. नसबंदी झाल्याची ती खूण असते.

घरातच असतं, मग लसी कशाला?

कारण आपण बाहेर जातो. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू चपलेला लागून येतो. तो फिनाइलला दाद देत नाही आणि वर्षभर टिकू शकतो. पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू झाले की दोन दिवसांत खेळ आटोपतो. मागच्या पावसाळ्यात आम्ही एका पार्किंगमधून उचललेल्या पाच पिल्लांपैकी एक उरलं. आठव्या आठवड्याला पहिली तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि पुढचं वेळापत्रक डॉक्टर सांगतील तसं.

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे. अनोळखी मांजर चावलं किंवा रक्त येईल असं बोचकारलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

औषधांवरून आठवलं: मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही लावू नका. ही चूक करून आलेली माणसं दवाखान्यात रडताना मी पाहिली आहेत.

सासूबाई म्हणतात, मांजर सात घरं फिरल्याशिवाय राहत नाही.

ही म्हण पिल्लं असलेल्या मांजरीवरून आली. जागेला वास यायला लागला, माणसांची ये-जा वाढली, बोका दिसला, की ती पिल्लांना मानगुटीला धरून दुसरीकडे नेते. सुरक्षित, शांत जागा दिली तर हलवत नाही. सासूबाईंना हे सांगून बघा. त्यांनी मांजरी जवळून पाहिलेल्या असतील तर त्यांना लगेच पटेल.

रस्त्यावर वाढलेलं मोठं मांजर घरात राहील का?

माणसांना सरावलेलं असेल तर बहुतेक राहतं. माणसाला पाहून पळणारं, हात लावू न देणारं मोठं मांजर असेल तर त्याला घरात आणू नका. नसबंदी आणि लस करून त्याच्या जागी परत सोडणंच योग्य.

भुऱ्या आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा असेल. एक कान फाटलेला, नाकावर ओरखडे, आणि डोकं एवढं मोठं की आधी कोणाला तो मांजर वाटेना. पहिला आठवडा एका खोलीत ठेवला. मग एकेक दार उघडत गेलो. दिवसा तो निवांत असायचा, पहाटे चारला मात्र दाराशी बसून असा गळा काढायचा की शेजारच्या काकूंनी काळजीने बेल वाजवली. यावर दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, रात्री दहाला दमवणारा खेळ: काठीला दोरी, दोरीला कापडाचं चिंधूक, वीस मिनिटं धावपळ, आणि त्यावर लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रम आहे. त्याच क्रमाने रात्र आखली. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती: एकदाही दार उघडायचं नाही. नऊ वेळा न उघडता दहाव्या वेळी वैतागून उघडलं, तर दहा वेळा ओरडलं की दार उघडतं एवढंच ते शिकतं. दीड महिना लागला. एके सकाळी तो दाराऐवजी खिडकीतल्या फळीवर बसलेला दिसला, आणि पुढे तीच त्याची जागा झाली.

घरात कंटाळणार नाही का? काय काय करावं लागतं?

खर्चिक काही नाही. लाकडी ओंडक्याला किंवा जुन्या टेबलाच्या पायाला सुताराकडची जाड सुतळी घट्ट गुंडाळा. मांजर पूर्ण ताणून उभं राहू शकेल एवढी उंची हवी, नाहीतर ते सोफ्याकडेच जाणार. कपाटावर चढायला दोन फळ्या. कुरिअरचे खोके, दर आठवड्याला बदललेले. खिडकीपाशी बसायला जागा, म्हणजे रस्ता, चिमण्या, दूधवाला सगळं दिसतं. खाण्याचे थोडे दाणे खोक्यात, पायपुसण्याच्या घडीत लपवून ठेवा. शोधण्यात त्याचा वेळ जातो.

शी-शूची पेटी एका मांजराला एक, आणि वर एक जास्तीची. स्वयंपाकघरापासून आणि धुण्याच्या मशीनच्या आवाजापासून लांब. दिवसातून दोनदा साफ. मांजर पेटीबाहेर करायला लागलं तर रागावण्याआधी पेटी स्वच्छ आहे का आणि मांजर आजारी नाही ना, ते बघा.

घरातल्या मांजराचा खरा शत्रू लठ्ठपणा. वाडगा सतत भरलेला ठेवू नका, मोजून द्या. दूध प्रत्येक मांजराला पचतं असं नाही. पाणी जास्त महत्त्वाचं. बोका पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर करतोय, पण थेंबच येतोय किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. रात्री अकरा वाजले असले तरी निघा.

आणि फुलदाणीत लिली आणत असाल तर थांबवा. तिचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात.

घरात बाळ येणार आहे. मांजर बाहेर काढायला सांगतात.

बाहेर काढू नका, उलट आतच ठेवा. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. मांजराला तो उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन होतो. घरात शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणाऱ्या मांजराला होण्याची शक्यता फार कमी. विष्ठेतून पडलेला परजीवी लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस जातो, म्हणून पेटी रोज साफ करायची, आणि त्या नऊ महिन्यांत ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करायचं. नीट न शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांचीही तितकीच काळजी घ्या.

सोसायटीत तक्रारी येतात. नियम काय?

पाळीव प्राणी ठेवायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. मांजराला विष घालणं, मारणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सुरू केली. करून घ्या, लसीचा कागद तिथे लागतो.

पण शेजाऱ्यांचंही ऐका. आपलं मांजर बाहेर जातं म्हणजे कुठे जातं? कोणाच्या तरी कुंडीत खड्डा करतं, वाळवणाच्या चादरीवर झोपतं, तळमजल्याच्या आजींच्या दारात घाण करतं. त्यांनी मांजर पाळलेलं नाही. माझ्या अनुभवात सोसायटीतली भांडणं दोनच गोष्टींनी मिटली: आपलं मांजर घरात, आणि बाहेरच्यांची नसबंदी.

परदेशात गेलेल्या मुलीकडे तर वेगळंच सांगतात.

देशागणिक रीत वेगळी. ब्रिटनमध्ये दाराला मांजरापुरती झडप ठेवून त्याला जाऊ-येऊ देणं सर्वसाधारण मानतात. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, मात्र सक्तीची आहे. अमेरिकेत दत्तक देणाऱ्या संस्था बहुधा घरातच ठेवा म्हणतात. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्रदेशात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर मोकळं सोडताच येत नाही. मुलगी जिथे आहे तिथला नियम तिने आधी बघावा.

पट्टा बांधून फिरवलं तर?

काही मांजरांना आवडतं. गळपट्टा नको, छातीवरून येणारा हार्नेस घ्या, आणि आठवडाभर घरातच घालून सवय करा. घातल्यावर मांजर आडवं पडून राहत असेल, तर त्याला ते नको आहे.

घरातलं मांजर चुकून बाहेर निसटलं. आता काय करू?

लांब धावू नका. घाबरलेलं घरातलं मांजर पळत सुटत नाही, ते जवळच दडतं आणि हाकेला ओ देत नाही. गाड्यांखाली, जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, कुंड्यांमागे गुडघ्यांवर बसून बघा. रात्री एक-दोनला, सगळं शांत झाल्यावर बॅटरी घेऊन जा, डोळे चमकतात. त्याची रोजची ताटली वाजवा आणि थांबा. वॉचमनला फोटो द्या, आजूबाजूच्या इमारतींतही. म्हणून दोन्ही बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये आधीच असू द्या, आणि मायक्रोचिप करून घ्या.

दिवाळीत ही वेळ सगळ्यात जास्त येते. संध्याकाळी सहानंतर खिडक्या बंद, मांजर आतल्या खोलीत, आणि फराळाला येणाऱ्यांना दार लगेच लावायला सांगा. भुऱ्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच गेला होता, माळ लागल्यावर, पाहुण्यांच्या पायांतून. आम्ही दोन दिवस तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या रात्री अडीच वाजता तो सापडला, आमच्याच इमारतीच्या पंपाच्या खोलीत, मोटारीच्या मागे. घराच्या जिन्यापासून पंधरा पावलांवर.